मधली पानं

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता दहा-बारा माणसं गोल बसायची आणि एकमेकांना खोटं सांगायची. कार्यक्रमाचं अधिकृत नाव होतं 'सध्या काय वाचताय?' नियम एकच. आनंदासाठी जे वाचत असाल तेच सांगायचं. परीक्षेसाठी, भाषणासाठी किंवा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून वाचलेलं चालणार नाही. नियम अध्यक्षांनी केला आणि पहिल्याच बैठकीत त्यांनीच मोडला. तत्त्वज्ञानावरचा तीन खंडांचा ग्रंथ आपण 'निव्वळ आनंदासाठी' वाचत आहोत असं त्यांनी जाहीर केलं. तिन्ही खंड पुरावा म्हणून टेबलावर ठेवले होते. पहिल्या खंडाची पानं कडेला अजून एकमेकांना चिकटलेली होती.

अध्यक्षांचं असं बोलणं ऐकल्यावर बाकीच्यांनी काय करावं? बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब उपनिषदांवर गेले. दातांच्या एक डॉक्टर बाई दुर्बोध कवितांवर गेल्या. मी चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मी प्राचीन व्यापारी मार्गांवरचा एक जाड ग्रंथ पत्करला. तो ग्रंथ माझ्याकडे होता हे खरं. माझ्या उशाशी मात्र पडघ्याच्या बाजारातून आणलेल्या रहस्यकथा असायच्या, आणि दिवा मालवण्याआधी खुनी कोण ते कळल्याशिवाय मला झोप लागत नसे. हे मी बैठकीत कधी बोललो नाही. निवृत्त इतिहास शिक्षकाला खुनाची आवड आहे हे गावात कळायला नको, असं मला वाटायचं.

वाचनालय भिवंडीच्या जुन्या भागात आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना आहे. खटखट इतकी, की कपाटातली पुस्तकं हळूहळू पुढे सरकतात आणि ग्रंथपाल बाई रोज सकाळी ती हाताने मागे ढकलतात. साहित्यातल्या तरल गोष्टीही आम्हाला ओरडून सांगाव्या लागतात. एकदा अध्यक्ष "त्या लेखनातलं मौन मला फार भावलं!" असं बेंबीच्या देठापासून ओरडत असताना वीज गेली. लूम थांबले. त्या शांततेत 'मौन' हा शब्द रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत गेला. त्याने दचकून वर पाहिलं.

या बैठकीचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे होतं. कोण काय म्हणालं ते मी वहीत लिहायचो आणि त्याच संध्याकाळी पानाचा फोटो वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो. ग्रुपवर निम्मं गाव होतं. लोक न वाचता नमस्काराचे हात पाठवायचे. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला ते माहीत आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

अशा आमच्या गोलात एका रविवारी एक बाई येऊन बसल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, निळ्या साडीवर गोदामाचं ओळखपत्र तसंच गळ्यात. काल्हेरहून शेअर रिक्षाने आल्या होत्या, दुपारी दोनला शिफ्ट सुटल्यावर. त्यांच्याबद्दल लिहू का असं मी त्यांना अलीकडे विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा आता. गोदामातला तो मॅनेजर पण गेला तिथून आणि मी पण." म्हणून लिहितो आहे.

त्यांची पाळी आली तेव्हा अध्यक्षांनी जरा वाकून, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "ताई, तुम्ही काही वाचता का?"

"वाचते ना. मधलं वाचते."

"मधलं म्हणजे?"

"म्हणजे पुस्तकाचं मधलं. पहिलं आणि शेवटचं पान बघावंच लागतं, पण त्याच्यात काय नसतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या पुस्तकांच्या एका गोदामात रिटर्नच्या टेबलावर होत्या. लोक घरबसल्या पुस्तकं मागवतात आणि पसंत पडली नाहीत की परत पाठवतात. परत आलेलं प्रत्येक पुस्तक तपासायचं. पाकीट फोडायचं, कव्हरचे कोपरे बघायचे, पहिल्या पानावर कुणी नाव टाकलंय का, शेवटचं पान फाटलंय का, आणि मग मध्ये तीन ठिकाणी उघडून बघायचं. डाग, घडी, पेन्सिलच्या खुणा. चांगलं असलं तर एका क्रेटमध्ये, खराब असलं तर दुसऱ्या. मध्ये जी तीन पानं उघडतील ती या बाई वाचून काढायच्या. तेवढ्या वेळात जेवढं होईल तेवढं. दिवसभरात किती पुस्तकांची मधली पानं होत असतील याचा अंदाज करा. त्यांना कुठल्याच पुस्तकाची सुरुवात माहीत नव्हती, आणि शेवट तर त्या वाचायच्याच नाहीत.

"का?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"शेवटच्या पानावर नुसतं बघायचं असतं, फाटलंय का. वाचायला लागलं की मग वाटतं, हा माणूस कोण, हा का रडतोय. उगाच जीवाला घोर. मधल्याचं बरं असतं. मध्ये सगळेच कसल्यातरी अडचणीत असतात, कोण कोणाचं ते लगेच कळतं."

बँकेतले साहेब म्हणाले, "पण याला वाचन म्हणता येईल का?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणा काय म्हणायचं ते. मला मजा येते."

त्या खोलीत नियमानुसार बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

दोन-तीन बैठकांत त्या आमच्या सवयीच्या झाल्या. त्यांची पाळी कधी येते याची आम्ही वाट बघायचो, मात्र तसं दाखवत नव्हतो. त्या मधली पानं अशी सांगायच्या, की आमच्याच मनात प्रश्न उभे राहायचे. एका बाईने नवऱ्याचा डबा भरता भरता त्यात चिठ्ठी टाकली. चिठ्ठीत काय होतं? "ते पुढच्या पानावर असेल. मी ते उघडलं नाही." एका म्हाताऱ्याने गाय विकली आणि तीच गाय परत घ्यायला निघाला. मिळाली का? "देव जाणे. त्या पुस्तकाला चहाचा डाग होता, ते रिजेक्टमध्ये गेलं." उपनिषदांचे साहेब एकदा जिना उतरताना मला म्हणाले, "गायीचं काय झालं असेल हो?"

मग तो रविवार आला. बाई त्या दिवशी बसायच्या आधीपासूनच हसत होत्या. म्हणाल्या, "एक पुस्तक आलं परत. मध्ये उघडलं तर दोन जावांचं भांडण. सासूच्या मागे भांड्यांची वाटणी चाललीय. मोठी म्हणते घंगाळ माझं, धाकटी म्हणते माझं. दोघींनी दोन बाजूंनी धरलंय. पान उलटलं तर एक माणूस पाणबुडीत. समुद्राच्या तळाशी. हवा संपत आलीय."

गोल शांत झाला. म्हणजे लूम चालूच होते, पण आम्ही शांत झालो.

"काळाची आणि स्थळाची सरमिसळ!" अध्यक्ष ओरडले. "हे फार मोठं लेखन आहे, ताई."

"पाणबुडी हे प्रतीक आहे," बँकेतले साहेब म्हणाले. "धाकट्या जावेच्या घुसमटीचं."

"घंगाळ आणि पाणबुडी," डॉक्टर बाई डोळे मिटून म्हणाल्या. "दोन्ही धातूचीच. दोन्हीत पाणी."

मीही मागे राहिलो नाही. कौटुंबिक वाटणीचा आणि सागरी युद्धाचा ऐतिहासिक संबंध मी जोडून दिला. तो आता लिहायची माझी इच्छा नाही.

बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अहो, नाही हो. बांधणी चुकलीय. सोळा पानं दुसऱ्याच पुस्तकाची घुसलीत मध्ये. पानांचे नंबर बरोबर लागत होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्या गिऱ्हाइकाने परत केलं, त्याने पण कारण लिहिलंय, कव्हर दुमडलेलं आहे."

सगळ्यांत आधी अध्यक्ष हसले, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. पोट धरून हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "ताई, आमची पण बांधणी तपासा एकदा."

त्या संध्याकाळी मी इतिवृत्त लिहायला बसलो आणि मला लेखणी आवरली नाही. घंगाळ, पाणबुडी, प्रतीक, सगळं लिहिलं. आणि शेवटी, शाळेत निबंध तपासून तपासून लागलेल्या सवयीने, एक भरजरी वाक्य टाकलं: 'ड्युटीवर असतानाही हाती येणारं प्रत्येक पुस्तक वाचल्याशिवाय पुढे न जाऊ देणाऱ्या या भगिनीने आज आम्हा सर्वांना वाचायला शिकवलं.' गोदाम कोणत्या भागात आहे तेही लिहिलं. फोटो ग्रुपवर टाकला. या वेळी लोकांनी खरोखर वाचला. हसणारे चेहरे आले, फॉरवर्ड झाला, इकडून तिकडे गेला. माझ्या लिखाणाला एवढा प्रतिसाद आयुष्यात मिळाला नव्हता. मी दोन दिवस खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"सर, ते वहीत तुम्ही लिहिलं होतं ना?"

"हो, मीच."

"छान लिहिलंय. माझा गेटपास काढून घेतला."

मॅनेजरच्या फोनवर ते पान पोचलं होतं. टेबलावर बसून वाचायला बंदी होती, हे मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे मी विचारलंच नव्हतं. शिवाय चुकीच्या बांधणीचं पुस्तक गोदामातून गेलं होतं ही गोष्ट साऱ्या गावाला कळली होती. बाई ठेकेदाराकडून लागलेल्या. ठेकेदाराने एवढंच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्यांचा नवरा टेम्पो चालवायचा, कधी काम असायचं, कधी नसायचं. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिचं शिक्षण या टेबलावर चाललं होतं. हे सगळं मला त्या फोनवरच कळलं. तीन महिने त्या आमच्या शेजारी बसत होत्या. त्या काय वाचतात हे आम्ही विचारलं होतं, बाकी काही विचारलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी काल्हेरला त्यांच्या घरी गेलो. एकेकाळी कुटुंबाची भातशेती होती तिथे आता गोदामांची रांग आहे, आणि त्या रांगेच्या पाठीमागे त्यांचं घर. जमीन नवऱ्याच्या चुलत्यांच्या वाट्याला गेली, यांच्याकडे घर राहिलं. ओट्यावर त्यांच्या सासूबाई सुपात वाल निवडत बसल्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी सुनेला हाक मारली.

"अगं, ह्योच हाय का तो लिवनारा?"

"हो, हेच सर."

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दिसतोय तर चांगला," त्या म्हणाल्या. "बस. च्या घे. मंग सांग, तुजी नोकरी गेली का?"

"नाही हो, मी निवृत्त आहे. पेन्शन आहे."

"बघ," त्या सुनेला म्हणाल्या. "याला वाचलं तरी पेन्शन, न्हाय वाचलं तरी पेन्शन. तू कशाला गेलीस याच्या संगती?"

बाई स्वतः चिडल्या नव्हत्या, आणि ते जास्त जड गेलं. चहा देताना त्या म्हणाल्या, "तुम्ही वाईट हेतूने नाही केलं, ते मला कळतंय. पण सर, तुम्ही काय वाचता ते कुणाला कळलं तर तुमचं काय जाणारे? मी तिथे येऊन खरं बोलले, कारण तुम्ही तसा नियम सांगितला."

परत येताना कशेळीच्या पुलाकडच्या ट्रॅफिकमुळे रिक्षा तासभर अडकली होती. मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला आणि त्यातून काही निघालं नाही. म्हणून मी अध्यक्षांना फोन केला.

अध्यक्षांबद्दल मी वर जे लिहिलं आहे ते मागे घेत नाही. त्यांच्या लेटरहेडवर पदांची यादी इतकी लांब आहे, की मजकुराला अर्धंच पान उरतं. गाडीच्या डिकीत कायम एक शाल आणि एक नारळ असतो, कारण सत्कार कुठे करावा लागेल ते सांगता येत नाही. पण त्यांनी माझं बोलणं ऐकलं, एकदाही मध्ये बोलले नाहीत, आणि म्हणाले, "सर, उद्या सकाळी दहा वाजता तयार राहा. ताईंना पण सांगा, गेटपाशी यायला."

गोदामाच्या ऑफिसात मॅनेजर होता तिशीतला, उत्तरेकडून आलेला, डोळ्यांखाली काळं. समोर दोन स्क्रीन, दोन फोन. आम्हाला बघून तो उठलासुद्धा नाही. अध्यक्षांनी एक शब्द न बोलता शाल उलगडली, त्याच्या खांद्यावर घातली आणि हातात नारळ दिला. भिवंडीच्या विकासातल्या त्याच्या योगदानाबद्दल चार वाक्यं बोलले. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं कुणी नव्हतंच. मला हसू येत होतं, पण मॅनेजरचा चेहरा बघितला आणि ते गेलं. त्या मुलाचा कुणी कधी सत्कार केला नसावा. तो नारळ धरून उभाच राहिला. मग त्याने शाल काढली, नीट घडी घातली, खणात ठेवली आणि आमच्यासाठी खुर्च्या मागवल्या.

"सर, मुझे भी ऊपर जवाब देना पड़ता है," तो म्हणाला. "काम तो उसका सबसे अच्छा है. पर लिख के आया है ना, कि ड्यूटी पे पढ़ती है."

"वो गलती मेरी है," मी म्हणालो. "मैंने बढ़ा-चढ़ा के लिखा."

"तो वही लिख के दे दो. कि ऐसा कुछ नहीं है."

असं ते एका वाक्यात मिटत होतं. मी अध्यक्षांच्या लेटरहेडवर, उरलेल्या अर्ध्या पानात लिहिलं. इतिवृत्तातला मजकूर अतिशयोक्त होता, तो मी माझ्या मनाने घातला, सदर महिला कामावर असताना वाचत नाहीत, आणि त्यांना वाचनाची आवड नाही. शेवटचं वाक्य मॅनेजरने मागितलं नव्हतं. पत्र भक्कम व्हावं म्हणून ते मीच घातलं. भरीला वाक्य घालायची माझी सवय एवढ्यानेही गेली नव्हती.

खाली माझी सही, अध्यक्षांची सही, आणि मॅनेजर म्हणाला, बाईंची पण लागेल. त्यांना गेटवरून आत बोलावलं.

त्यांनी कागद हातात घेतला. सवयीने आधी कोपरे बघितले, पाठ बघितली, मग मजकूर वाचला. पूर्ण वाचला. पेन घेतलं आणि खाली ठेवलं.

"हे शेवटचं नको."

"ताई," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "कागद आहे नुसता. फायलीत जाईल. कोण बघतंय?"

"मी बघितला ना."

"नोकरीचा प्रश्न आहे."

"मला माहितीये कसला प्रश्न आहे, साहेब. माझीच नोकरी आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ड्युटीवर वाचत नाही, लिहा. आता खरंच नाही वाचणार. पण आवड नाही म्हणून मी सही नाही करणार. मुलगी बघेल कधीतरी. वेळ नाही, असं लिहा."

मॅनेजरला मराठी पुरतं येत नव्हतं. त्याने अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी हिंदीतून सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "टाइम नहीं है, ये तो और अच्छा है. ऊपर वालों को यही चाहिए."

मी दुसरा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहिलं. 'सदर महिलेस वाचनासाठी वेळ मिळत नाही.' बाईंनी सही केली. त्यांची सही मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. शाळेतल्या मुलीसारखी, प्रत्येक अक्षर सुटं.

गेटपास परत मिळाला, पण टेबल मिळालं नाही. त्यांना पॅकिंगला टाकलं. तिथे पुस्तकं बंदच येतात आणि बंदच जातात. खोक्यात ठेवायची, टेप मारायची, पुढे ढकलायची. पुस्तक उघडायचं कारणच नाही.

पुढच्या दुसऱ्या रविवारी त्या येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. आल्या. नेहमीच्या जागी बसल्या. गोल फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आला आणि अध्यक्षांनी त्यांना वगळून पुढच्या माणसाकडे बघितलं.

"मला नाही विचारणार?" त्या म्हणाल्या.

"विचारू का, ताई?"

"विचारा. लिहू नका फक्त."

मी वही मिटून खुर्चीखाली ठेवली. त्यानंतर आमच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिलं गेलेलं नाही.

बाईंनी पिशवीतून आमच्याच वाचनालयाचं एक पुस्तक काढलं. मागच्या आठवड्यात त्यांनी वर्गणी भरून नाव घातलं होतं. "पॅकिंगमध्ये काय बघायला मिळत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून घरी नेलं. पहिल्यांदाच पहिल्या पानापासून वाचतेय. आधी कंटाळा आला. हा कोण, त्याचा बाप कोण, घर कसं होतं, किती सांगतात! पण मग तो मुलगा आला आणि मला नाव ओळखीचं वाटलं. आणखी थोडं वाचलं. सर, हे पुस्तक माझ्या टेबलावर येऊन गेलंय. याचं मधलं मी वाचलंय."

"मग तर बरंच झालं," डॉक्टर बाई म्हणाल्या.

"कसलं बरं? मध्ये तो दवाखान्यात आहे. पाय काढलाय त्याचा. कामावर अपघात झालेला असतो. आई बाजूला बसून त्याला पेज भरवतेय आणि तो तिच्याशी बोलत नाही. एवढंच मी वाचलं होतं. तेव्हा मला वाटलं, असेल कुणीतरी. आणि आता इथे सुरुवातीला तो वीस वर्षांचा आहे. जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरतो. आईला म्हणतो, कामाला लागलो की तुला काही करू देणार नाही."

पलीकडे लूम चालू होते. आम्ही सगळे पुढे वाकून ऐकत होतो.

"आज कामाला निघालाय तो," बाई म्हणाल्या. "पहिला दिवस. दारात चपला घालतोय. तीन दिवस झाले, मी तिथेच थांबलेय. रात्री सासू विचारते, गेला का गं तो? मी म्हणते, नाही अजून."

"पण ताई," बँकेतले साहेब म्हणाले, "तुम्ही वाचलं नाही तरी जे व्हायचं ते पुस्तकात झालेलंच आहे."

"ते मला कळतं हो," त्या म्हणाल्या. पुस्तक त्यांनी मांडीवर ठेवलं होतं आणि एक बोट त्या पानात तसंच होतं. "पण मी पान उलटल्याशिवाय तो काही जात नाही ना. राहू दे अजून दोन दिवस घरी."